भूपट्ट शिकवायचे तर पायाखालच्या दगडापासून

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाटण-कोयना भागात जमीन हादरली, रात्री घरातली भांडी वाजली, की दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला प्रश्न ठरलेला : "सर, प्लेटा आदळल्या का?" यात मुलांचा काही दोष नाही. भूकंप म्हणजे दोन भूपट्टांची (पृथ्वीच्या बाहेरच्या कडक थराच्या प्रचंड तुकड्यांची, म्हणजेच 'प्लेटां'ची) टक्कर, हे समीकरण आम्ही शिक्षकांनीच त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलंय आणि उत्तरपत्रिकेत त्याला गुणही देतो. प्रत्यक्षात कोयनेपासून भारतीय भूपट्टाची जवळात जवळची कडाही हजार किलोमीटरहून लांब आहे. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर कशानं कोसळलं? कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी खोल झिरपलं, त्याचा भार पडला आणि जुन्या भेगांना सरकायला निमित्त मिळालं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पण त्या भेगांवर ताण आधीपासूनच होता.

हा ताण आला कुठून, हा खरा धडा आहे आणि नेमका तोच वर्गात गाळला जातो. आपला भूपट्ट उत्तरेकडे सरकतोय, हिमालयापाशी अडतोय, आणि तिथला दाब सगळ्या पट्टाच्या अंगात पसरतोय. पट्टाच्या मध्यभागीही जिथे जुनी कमकुवत जागा असेल तिथे तो मोकळा होऊ शकतो. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारीत तेच झालं. तोपर्यंत हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोजला जात होता. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचा थर दिलेली जड माळवदं; हजारो माणसं झोपेतच त्याखाली गेली. लातूर-धाराशिवच्या मुलाला भूगोलाच्या तासाला जपानचा भूकंप समजतो, आजीनं सांगितलेला समजत नाही, ही आमच्या शिकवण्याची तऱ्हा आहे.

दुसरा गैरसमज तर फळ्यावर आम्ही स्वतः रंगीत खडूनं काढतो. वर भूकवचाचे तुकडे, खाली लालभडक लाव्ह्याचा समुद्र, आणि त्यावर तुकडे होडीसारखे तरंगताहेत. भूकवचाखालचं प्रावरण जवळजवळ सगळं घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. प्रावरणातून त्या आरपार जातात, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? घन असूनही ते लाखो वर्षांत वाहतं. डांबराचा गोळा हातोडीनं टिचतो, पण पिंपात तसाच राहू दिला तर हळूहळू पसरतो. एवढं सांगितलं की सातवीच्या पोरालाही पटतं. शिवाय फक्त भूकवचच भूपट्टात धरलं जातं असंही नाही. भूकवच आणि त्याखालचा प्रावरणाचा कडक थर मिळून भूपट्ट होतो, हे तर आमच्यापैकी अनेकांच्या आकृतीत कधी येतच नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. खंड सरकतात हे शिकवताना आम्ही आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे कापून जोडायला लावतो. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरनं १९१२ मध्ये हा विचार मांडला, त्यामुळे त्याचा मान आहेच. पण भारत सरकला याचा एक भक्कम पुरावा खंडाळ्याच्या घाटातल्या काळ्या दगडात निघाला, हे महाराष्ट्रातल्या किती मुलांना माहीत आहे? १९५६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसॉल्टचं, म्हणजे याच काळ्या दगडाचं, चुंबकत्व तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झालं. लाव्हा थिजून थंड होताना त्यातल्या लोहखनिजाच्या बारीक कणांचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं लागतं. विषुववृत्तावर ते आडवं राहतं, ध्रुवाकडे जावं तसं कलत जातं. त्यामुळे त्याचा कल मोजला की दगड कुठल्या अक्षांशावर थिजला ते कळतं. आपला दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २५ ते ३० अंशांवर थिजला होता. (त्या काळात बऱ्याच वेळ चुंबकीय ध्रुव उलटे होते, ही गुंतागुंत अकरावीसाठी राखून ठेवावी.)

यातून गणिताचा एक अख्खा तास निघतो. खंडाळा आज १९ अंश उत्तरेजवळ आहे. म्हणजे ४४ ते ४९ अंशांचा प्रवास. एका अक्षांशाला १११ किलोमीटर धरले तर पाच हजार किलोमीटरच्या आसपास. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. भागाकार मुलांनाच करू द्यावा. वर्षाला सात-आठ सेंटिमीटर येतात. आज उपग्रहांच्या मदतीनं मोजलेला वेग पाचच्या आसपास आहे. "मग कमी का झाला, सर?" असं कोणीतरी विचारतंच, आणि हिमालयाचा धडा तिथून आपोआप सुरू होतो.

दुसरा प्रयोग फुकटात होतो. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या किंवा अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून महिनाभरातले जगातले भूकंप घ्यायचे आणि जगाच्या कोऱ्या नकाशावर एकेक ठिपका देत जायचं. आठवड्याभरात पॅसिफिकची कडा उमटू लागते, महिनाअखेरीस अरबी समुद्राच्या दक्षिणेकडची, समुद्रतळावरची कार्ल्सबर्ग पर्वतरांगही डोकावते. कुठलाही ठिपका या रांगांबाहेर पडला की चर्चा रंगते. पाठ्यपुस्तकातला तयार नकाशा त्यानंतर दाखवावा, आधी नाही.

शिक्षक प्रशिक्षणात या गोष्टींना तासभर तरी मिळावा, एवढी शिक्षण विभागाकडे मागणी आहे. कराडला भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल गेलेल्या छिद्रातून काढलेल्या खडकांचा अभ्यास तिथे होतो. वर सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट आणि खाली ग्रॅनाइट. ते नमुने सातारा-सांगलीच्या शाळांना वर्षातून एकदा पाहायला मिळाले तर रंगीत खडूंची गरज बरीच कमी होईल.

आपला,
एक भूगोल शिक्षक, पाटण (जि. सातारा)