आधी अर्थिंग, मग एसी

चि. मनू,

काल फोन कट केलास ते बरोबरच केलंस, आवाज मीच चढवला. पण एसीला मी नको म्हटलं नव्हतं गं, अर्थिंग बघितल्याशिवाय मशीन घरात नको एवढंच म्हणत होतो.

जुना आज उतरवला. बाहेरच्या युनिटच्या मागच्या पत्र्या हात लावला की भुगा होऊन पडतायत, खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकलंय सगळं, कॉइलच गळत होती आणि आपण तीन वर्षं गॅस भरत बसलो. नवीन युनिट विहिरीकडच्या भिंतीला लावू, समुद्राकडे नको आणि गच्चीवर तर नकोच, २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हर्णैत काय काय उडालं ते बघितलंयस तू.

बोर्डापासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), गीझरच्या लाइनवर चढवायचं नाही. फिटिंगवाला पाइपला व्हॅक्युम पंप लावतो का बघ, घाईत नुसता गॅस सोडून हवा काढतात. झाली माझी मास्तरकी सुरू. तू एवढी मोठाली पॅनेलं बघतेस आणि मी तुला वायर शिकवतोय, सॉरी.

पण अर्थिंगचं मनातून जात नाही. आपली जमीन जांभ्या दगडाची, एप्रिलात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक, मार्चपासून रोज कळशीभर पाणी ओततोय. मीठ-कोळसा घातलेला आहे, पण त्याच मिठाने आतला पाइप किती खाल्लाय ते खणल्याशिवाय कळणार नाही. तू दुसरीत होतीस, पावसातून आलीस ती ओल्या पायांनी फ्रिजला हात लावलास आणि मागे फेकली गेलीस. रडली नाहीस, करंट कुठनं आला विचारलंस, आई अजून कौतुकाने सांगते सगळ्यांना. त्या पॉइंटचं अर्थिंग मीच जोडलं होतं, घाईत, नुसती वायर गुंडाळून. हे मी तिलाही कधी सांगितलं नाही.

डॉक्टर म्हणालेत आईला थंड खोलीत ठेवा, म्हणून घाई आहे हे मलाही कळतं. सध्या माजघरात खाट टाकलीय, दुपारी ओला पंचा घेऊन पडते, तक्रार नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पण आण, पैसे मी देणार, त्यावरनं परत भांडू नको.

शुक्रवारी खड्डा खणून घेतो. तू शनिवारी आलीस की अर्थ टेस्टर लाव आणि अर्थिंगचा आकडा मला सांग, फोनवर नको, समोर.

बाबा