प्रस्ताव अर्जातील ‘नाही’

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी अंबडमधील एका लहान उद्योगाचा हिशेब पाहतो. मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी घ्यावी लागते. घराच्या कर्जाचे हप्ते अजून संपलेले नाहीत, म्हणून गेल्या वर्षी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी आयुर्विम्याचा प्रस्ताव दिला. तेव्हाचा अनुभव माझ्या वयाच्या अनेकांना उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

विमा प्रतिनिधी घरी आले आणि त्यांनी टॅबलेटवर अर्ज भरला. माझ्या मोबाइलवर ओटीपी आला, तो मी वाचून दाखवला आणि माझी सही झाली. सगळा कार्यक्रम चहा निवण्याच्या आत आटोपला. संध्याकाळी ई-मेलवर आलेली अर्जाची प्रत मुलीने छापून दिली, तेव्हा आरोग्याच्या प्रश्नांपुढे वरपासून खालपर्यंत ‘नाही’ची एकच रांग दिसली. मधुमेह नाही, उच्च रक्तदाब नाही, नियमित औषधे नाहीत. अर्ज भरला जात असताना मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी त्याच टेबलावर पडलेली होती. प्रतिनिधींना फोन केल्यावर उत्तर मिळाले, “काका, शुगर लिहिली की हप्ता वाढतो. तपासणीआधी दोन दिवस गोड बंद करा, काही होत नाही.”

हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्याही फोल आहे, कारण एचबीए१सी ही चाचणी साधारण मागील तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते आणि दोन दिवसांचे पथ्य तिला फसवू शकत नाही. त्याहून गंभीर बाजू कायद्याची आहे. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने ती आव्हानित करता येत नाही. मात्र त्याआधी विमेदाराचा मृत्यू झाला आणि महत्त्वाची माहिती लपवल्याचे दिसले, तर दावा नाकारता येतो. लपवाछपवी फसवणुकीच्या हेतूने झाल्याचा आरोप असेल, तर तो खोडून काढण्याची जबाबदारी विमेदाराच्या पश्चात वारसांवर येते. म्हणजे ‘नाही’ लिहिणार प्रतिनिधी आणि त्याचा जाब देणार विमेदाराची पत्नी.

याच कलमाच्या स्पष्टीकरणात, विम्यासाठी बोलणी करणारी व्यक्ती करार घडवण्यापुरती विमा कंपनीचीच प्रतिनिधी मानली जाईल, असेही म्हटले आहे. तरीही त्यावर विसंबून राहू नये. न वाचता सही केली, असे सांगून अर्जातील खोट्या विधानाच्या परिणामांतून सहसा सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयुर्विम्याच्याच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मी अर्ज दुरुस्त करून घेतला. प्रतिनिधी थोडे नाराज झाले, पण त्यांनी तो पुन्हा भरला. मग प्रयोगशाळेचा मुलगा सकाळी सात वाजता उपाशीपोटीचे रक्त घेऊन गेला आणि नंतर ईसीजीही झाला. एचबीए१सी ७.४ टक्के आले, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) आणि ईसीजी ठीक निघाले. आजार आहे म्हटले की प्रस्ताव फेटाळतातच, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. आजार किती वर्षांचा आहे, किती आटोक्यात आहे, मूत्रपिंड आणि हृदयापर्यंत पोहोचला आहे का, हे पाहून कंपनी नेहमीच्या दराने विमा देते, जादा हप्ता लावते, प्रस्ताव काही काळ पुढे ढकलते किंवा नाकारते. (आरोग्य विम्यातील प्रतीक्षा कालावधी, म्हणजे आधीच्या आजारांचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, ही निराळी गोष्ट आहे, कट्ट्यावरच्या चर्चेत या दोन्हींची नेहमी सरमिसळ होते.)

मला जादा हप्ता लागला. त्याबद्दल तक्रार नाही, कारण जोखीम जास्त असेल तर दर जास्त असणार. तक्रार आहे ती माझी संमती मागणाऱ्या पत्राबद्दल. त्यात कारण म्हणून ‘वैद्यकीय कारणास्तव’ एवढे दोनच शब्द होते. हा बोजा साखरेमुळे पडला की रक्तदाबामुळे, आणि पुढे साखर आटोक्यात राहिली तर फेरविचार होणार का, हे दोनदा विचारूनही कळले नाही. जी कंपनी माझ्याकडून आजाराचा इतका तपशील मागते, तिने त्या तपशिलावरून काय ठरवले हे मला मराठीत चार ओळींत लिहून द्यावे. तसेच ओटीपी मागण्यापूर्वी आरोग्याची प्रश्नावली आणि तिची भरलेली उत्तरे मराठीत वाचून दाखवण्याची सक्ती विमा नियामकाने करावी.

ज्यांच्या हाती नुकतीच पॉलिसी पडली आहे, त्यांनी सोबतची अर्जाची प्रत आजच उघडावी. पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते आणि चूक लेखी कळवून दुरुस्तही करून घेता येते. कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर नाशिककरांना पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी कंपनीशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती लागतात, म्हणून फोनवर बोलणे झाले तरी तेच ई-मेलने पुन्हा लिहून पाठवावे.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक