अपीजमेंट म्हणजे घाबरटपणा नव्हे

प्रिय पम्या,

परवा फोनवर तू म्हणालास की बांधाच्या पट्टीवरून भावाशी तडजोड म्हणजे सरळसरळ अपीजमेंट, घाबरून समोरच्याला हवं ते देऊन गप्प करणं, ते काही डोक्यातून जाईना. या शब्दावर फार अन्याय झालाय रे, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

अपीज इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, साधारण १३०० च्या सुमारास, आणि त्याच्या पोटात लॅटिनचा पाक्स आहे, म्हणजे शांतता, पीससुद्धा त्यातूनच आला. चिडलेल्याचा राग घालवायचा, एवढाच अर्थ, भूक भागवण्यालाही इंग्रजीत अपीज म्हणतात. आणि मजा म्हणजे आपण रोज फोनवरून पे करतो ना, तो पेसुद्धा याच घरातला! लॅटिन पाकारे म्हणजे शांत करणं, मग त्याचाच अर्थ झाला सावकाराचं समाधान करणं, आणि तिथून पैसे चुकते करणं. मला हे फार आवडतं, कारण शांत करायचं तर आपल्या खिशातून काहीतरी द्यावं लागतं हे त्या शब्दातच आहे.

मग हा शब्द शिवी कधी झाला? १९३८ मध्ये. त्याआधी ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन स्वतःच आपल्या धोरणाला अपीजमेंट म्हणायचे, लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. सप्टेंबरअखेर जर्मनीतल्या म्युनिकला हिटलर, इटलीचा मुसोलिनी, फ्रान्सचे पंतप्रधान दालादिए आणि चेंबरलेन बसले आणि चेकोस्लोव्हाकियाचा सीमेलगतचा भाग, सुडेटनलँड, जर्मनीला देऊन मोकळे झाले. ज्यांचा देश होता त्या चेकोस्लोव्हाकियाला बैठकीत बोलावलंच नाही, त्यांचे दोन प्रतिनिधी हॉटेलात बसवून ठेवले होते, मध्यरात्र उलटल्यावर त्यांच्या हातात निकाल आणि नकाशा दिला. त्यांच्यातल्या एकाने लिहून ठेवलंय की तेव्हा चेंबरलेन सारखे जांभया देत होते. हे वाचलं की अजून चीड येते बघ. पुढच्या मार्चमध्ये हिटलर चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये, घुसला आणि सप्टेंबरात महायुद्ध.

माझं म्हणणं एवढंच की तिथे शांत केलं हे चुकलं नाही, बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं हे चुकलं. शिवाय समोरच्याचं पोट भरणारच नव्हतं. तू भावाला बांधालगतची पट्टी सोडलीस तर ती तुझ्या वाट्याची आहे ना? मग ते म्युनिक कसं होईल? खुशाल सोड, फक्त मोजणी करून कागद करून घे.

आपल्याकडे अनुनय शब्दाचंही तेच झालं. मूळ अर्थ केवढा गोड, रुसलेल्याची विनवणी करून मन वळवणं, आणि आता पेपरात वाचला की तो आरोपच असतो.

आणि म्युनिकवर सगळ्यात जास्त तुटून पडलेले चर्चिल, तेच १९५० मध्ये पार्लमेंटमध्ये म्हणाले की भीतीपोटी केलेलं अपीजमेंट घातक, पण ताकद असताना केलेलं उदार आणि थोर, जगात शांतता आणायचा कदाचित तोच एक रस्ता. ते भाषण मिळालं तर नक्की वाच, मग बोलू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या