कच्च्या वहीतली हजेरी आणि बेकारीचा दावा : केंद्रीय श्रममंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री यांस,
सादर नमस्कार.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे अध्यक्षपद आपल्याकडे असते, म्हणून हे पत्र थेट आपल्याला. विषय एकच आहे. ज्याची अर्धी मजुरी रोखीने आणि कच्च्या वहीवर झाली, त्या कामगाराचा काम सुटल्यावरचा दावा.

काम सुटलेल्या विमाधारक कामगाराला रोख मदत देणारी महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली. २०२० मध्ये मदत सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के झाली आणि ९० दिवसांऐवजी ३० दिवसांनी दावा करता येऊ लागला. मालकाच्या सहीसाठी त्याच्या दारात जायची गरजही संपली. हे चांगलेच झाले. पण सही गेली तरी भरवसा मालकाच्याच नोंदीवर राहिला.

अट अशी की आधीची दोन वर्षे विमापात्र नोकरी हवी. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि उरलेल्या तीन सहामाह्यांपैकी एकीत पुन्हा ७८. आता भोसरी, वाळूज, अंबडसारख्या वसाहतींतल्या लहान शेडमध्ये काय चालते ते पाहा. माणूस महिन्याला २६ दिवस मशीनवर असतो. महामंडळाच्या पोर्टलवर १२ दिवस चढतात, बाकीचे पैसे व्हाउचरवर किंवा पाकिटात. बारा सक बहात्तर. सहा दिवस कमी पडले, दावा बाद.

१४ दिवस चढले तर ८४ होतात, दावा बसतो, पण रक्कम आटते. कारण दोन वर्षांची दाखवलेली एकूण कमाई ७३० ने भागली जाते. महिना खरे १५,००० मिळत असतील तर मदतीच्या ९० दिवसांचे सुमारे २२,२०० रुपये व्हायला हवेत. दाखवलेले ८,००० धरले की हातात येतात ११,८०० च्या आसपास. लपवलेल्या मजुरीवरची मालकाची ३.२५ टक्के वर्गणी वाचते, कामगाराचे घरभाडे थकते.

दुसरी गोची काम सोडल्याच्या नोंदीची. मासिक वर्गणी भरताना शून्य दिवस दाखवले की मालकाला कारण निवडावे लागते. तिथे ‘काम सोडले’ऐवजी ‘रजेवर’ निवडले, तर नोंदीत तो माणूस नोकरीतच राहतो. शाखा कार्यालयातला कारकून पडद्यावर दिसते तेच सांगणार.

रोखीने पैसे घेतले हे कबूल केले तर आपणच अडकू, या भीतीने लोक दावाच करत नाहीत. ही भीती घालवणे आपल्या हातात आहे. मालक आणि कामगार दोघांचाही हिस्सा भरण्याची जबाबदारी मालकाची असते. १९४८ च्या कायद्याच्या कलम ६८ मध्ये तर स्पष्ट होते की मालकाने वर्गणी चुकवल्यामुळे हक्क बुडत असेल, तर महामंडळ कामगाराला लाभ देऊ शकते आणि पैसे मालकाकडून वसूल करू शकते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे सूत्र टिकले आहे. ते या योजनेच्या दाव्यांना लागू आहे, असे परिपत्रक शाखा कार्यालयांपर्यंत गेले पाहिजे. आधी द्या, मग वसूल करा.

पुरावा म्हणून व्हाउचरचा फोटो, गेटपास, सुपरवायझरचे हजेरीचे मेसेज, यूपीआयच्या नोंदी आणि दोन सहकाऱ्यांचे जबाब घ्यावेत. सामाजिक सुरक्षा अधिकाऱ्याने शेडमध्ये जाऊन वीजबिल, उत्पादन आणि दाखवलेली माणसे यांचा मेळ घालावा. दहा माणसांच्या नावावर बारा मशीन दोन पाळ्यांत चालत असतील तर आणखी काय शोधायचे?

दाव्याच्या काळात कुणी दुसरीकडे रोखीने काम करून ते लपवले तर ते आम्हाला मान्य नाही. पण दोन दिवस हमाली केली हे ज्याने स्वतः सांगितले, त्याचे ते दोनच दिवस कापावेत. आयुष्यात एकदाच मिळणारी मदत तेवढ्यावरून अडवू नये.

वर्गणीची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला संपते. १६ तारखेला प्रत्येक विमाधारकाच्या मोबाइलवर मराठीतून मेसेज जावा. किती दिवस दाखवले, किती मजुरी दाखवली, आणि हे चुकीचे असेल तर तक्रार कुठे करायची. बारा दिवसांचा घोळ पहिल्याच महिन्यात कळला, तर अजून पाच महिने हातात असतात.

आपले,
औद्योगिक वसाहतींत कामगारांचे विमा दावे भरून देणारे कार्यकर्ते