आखूड पायांचा लॅब्राडोर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लॅब्राडोर आणि डॅशहंड, हस्की आणि कॉर्गी, जर्मन शेफर्ड आणि डॅशहंड अशा एका थोराड आणि एका बुटक्या जातीच्या संकरातून झालेल्या पिल्लांच्या जाहिराती हल्ली समाजमाध्यमांवर सर्रास दिसू लागल्या आहेत. ‘दुर्मीळ’, ‘डिझायनर’, ‘फ्लॅटसाठी उत्तम’ अशी विशेषणे लावून ती विकली जातात, आणि छायाचित्रातला मोठ्या कुत्र्याचा चेहरा व त्याखालचे इवलाले पाय पाहून कोणालाही ती हवीशी वाटावीत, यात नवल नाही. आमच्या घरी असा एक कुत्रा आहे. तो आम्ही विकत घेतलेला नाही. तासगाव भागातल्या एका परिचितांच्या द्राक्षबागेत राखणीला असलेली लॅब्राडोर मादी शेजारच्या बंगल्यातल्या डॅशहंडपासून गाभण राहिली आणि त्या कोणी न मागितलेल्या पिल्लांपैकी एक आमच्या वाट्याला आले. त्याला सांभाळताना जे दिसले आणि पशुवैद्यकांकडून व वाचनातून जे कळले, त्यातला एक मुद्दा अशी पिल्ले घेऊ पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. असा कुत्रा म्हणजे दोन जातींची सरासरी नव्हे. त्याचे पाय एका घराण्यातून येतात, भूक दुसऱ्या घराण्यातून येते, आणि हे सगळे एकत्र आल्यावर जे प्रश्न उभे राहतात ते दोहोंपैकी एकाही घराण्यात तसेच्या तसे सापडत नाहीत.

आमच्या गुंडूचे डोके, कान, छाती आणि शेपटी पाहिली तर तो निखळ काळा लॅब्राडोर वाटतो. नजर खाली गेली की पुढचे पाय किंचित बाहेर वळलेले, पंजे अंगाच्या मानाने रुंद आणि छाती जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. वजन 19 किलो, म्हणजे बापाच्या जवळजवळ दुप्पट आणि आईच्या सुमारे दोन-तृतीयांश. भुंकणे मात्र पूर्णपणे आईच्या पट्टीतले असल्यामुळे फाटकाबाहेर बिचकून उभा राहिलेला कुरिअरवाला आत येऊन त्याला पाहतो तेव्हा हसू लागतो. सांगली-जत भागात उंच, सडपातळ कारवान कुत्री पाहण्याची सवय असलेल्या माणसांना तर हा प्रकार फारच वेगळा वाटतो. संध्याकाळी फिरायला निघालो की ‘पाय आखूड शिवलेत काय?’ ही चौकशी ठरलेली.

पाय असे का होतात, याचे उत्तर आता बरेचसे मिळाले आहे. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधील एलेन ऑस्ट्रँडर यांच्या गटाने 2009 साली दाखवून दिले की डॅशहंड, कॉर्गी, बॅसेट हाउंड अशा जातींचे आखूड पाय हे एफजीएफ-4 नावाच्या जनुकाच्या एका जादा प्रतीमुळे होतात. ही प्रत एकाच पालकाकडून आली तरी पायांची वाढ खुंटते, आणि शुद्ध डॅशहंडकडे ती सहसा दुहेरी असल्यामुळे त्याच्या पिल्लांना ती मिळतेच. तासगावच्या त्या वेतातले एकही पिल्लू लांब पायांचे निघाले नाही, त्याचे कारण हेच. अंगाच्या आकाराचे गणित मात्र वेगळे आहे. त्यात आयजीएफ-1 या जनुकाचा वाटा मोठा असल्याचे 2007 साली समजले असले, तरी त्याच्या जोडीला इतर अनेक जनुके काम करतात, त्यामुळे अंग आई-बापाच्या मध्ये कुठेतरी येऊन थांबते. म्हणजे पाय बापाकडे झुकतात, अंग अर्ध्या वाटेवर राहते आणि ते अर्धे अंगही त्या पायांना आणि त्या पाठीला जडच पडते.

इथवर कौतुक ठीक आहे. खरी काळजी पाठीची आहे. आखूड पायांच्या त्याच एफजीएफ-4 जनुकाची आणखी एक जादा प्रत वेगळ्या गुणसूत्रावर असते आणि तिच्यामुळे मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक व ठिसूळ होऊ लागतात, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2017 साली मांडले. डॅशहंडमध्ये साधारण पाचपैकी एका कुत्र्याला आयुष्यात कधी ना कधी गादी सरकण्याचा त्रास होतो, तो यामुळेच. ही प्रतसुद्धा एकेरी असली तरी धोका वाढवते. तेव्हा ‘अर्धा लॅब्राडोर आहे, म्हणजे पाठीचा धोकाही अर्धा’ असा हिशेब करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, डॅशहंडच्या गाद्यांवर इथे दुप्पट वजन येऊन पडले आहे.

गुंडू चार वर्षांचा असताना पावसाळ्यात एके सकाळी व्हरांड्याच्या दोन पायऱ्यांपाशी येऊन थांबला. वर यायला तयार होईना, पाठ किंचित कमानीसारखी उचललेली आणि मान खाली. उचलायला गेल्यावर एरवी कधी न काढलेला आवाज त्याने काढला. डॉक्टरांनी त्याला टेबलावर उभे करून मागचा पंजा उलटा ठेवला, म्हणजे पंजाची वरची बाजू टेबलाला टेकेल असा, आणि तो स्वतःहून केव्हा सरळ करतो ते पाहिले. निरोगी कुत्रा पंजा क्षणात सरळ करतो, कारण पाय कुठे आणि कसा टेकला आहे याची खबर कण्यातून मेंदूपर्यंत सतत जात असते. गुंडूने उजवा पंजा लगेच सरळ केला, डावा जरा रेंगाळत केला. मग बोटांना चिमटा लावून वेदना जाणवते का ते तपासले. ती जाणवत होती, म्हणून शस्त्रक्रिया टळली आणि काही आठवड्यांची सक्तीची पिंजऱ्यातली विश्रांती व औषधे यांवर निभावले. पायाला खोलवरची वेदनाही जाणवेनाशी झाली असती तर प्रश्न तासांचा झाला असता, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. अशा कुत्र्याच्या चालीत हेलकावा दिसला, मागची नखे फरशीवर घासल्याचा आवाज येऊ लागला किंवा तो जिना टाळू लागला, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये.

रोजच्या सवयींत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बहुतेक बिनखर्चाचे आहे. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या मांड्यांखाली ठेवून पाठ आडवी राहील असे उचलावे. पुढच्या पायांच्या काखेत हात घालून लहान मुलासारखे उचलण्याची आपल्याकडे फार खोड आहे, ती कटाक्षाने मोडावी. मानेच्या पट्ट्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस घालावा. सोफा, पलंग, मोटारीचे दार इथे उडी मारू न देता फळीचा उतार करून द्यावा. नखे वेळच्या वेळी कापावीत आणि गुळगुळीत फरशीवर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेत सतरंजी किंवा रबरी पट्टी टाकावी, कारण त्यावर घसरणारा पाय शेवटी पाठीलाच हिसका देतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला असा कुत्रा ‘फ्लॅटसाठी उत्तम’ म्हणून विकणे ही, माझ्या मते, शुद्ध फसवणूक आहे. दिवसातून तीन वेळा 19 किलोचे ओझे आडवे धरून जिना चढण्याउतरण्याची तयारी किती जणांची असते?

आता भूक. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली लॅब्राडोरच्या न आवरणाऱ्या भुकेचा माग काढला, तेव्हा सुमारे एक-चतुर्थांश लॅब्राडोरांमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असल्याचे आढळले. पोट भरल्याचा निरोप अशा कुत्र्यांच्या मेंदूला नीट मिळत नाही आणि ती सरासरी दोन किलोंनी जड भरतात. आमच्या गुंडूची तपासणी केलेली नाही, पण स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज आला की गाढ झोपेतून उठून तो उंबऱ्याशी हजर होतो आणि ताटली चाटून झाल्यावर आपण काही खाल्लेच नाही असा चेहरा करून बसतो. डॅशहंडच्या पाठीला लॅब्राडोरची भूक जोडली गेली आहे, हीच या संकराची मेख आहे. म्हणून आमच्याकडे खाणे मापाने मिळते, पाहुण्यांना बिस्किटे देण्याची मुभा नाही आणि बरगड्या हाताला सहज लागतात की नाही हे दर आठवड्याला चाचपून पाहिले जाते.

‘संकरित कुत्री निरोगीच असतात’ असे यावर हमखास ऐकवले जाते. याविषयी डेव्हिस येथेच 27 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाहिलेल्या 24 आनुवंशिक आजारांपैकी 10 शुद्ध जातींत अधिक आढळले, 13 आजारांत फरक दिसला नाही, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा एक आजार मिश्र कुत्र्यांतच जास्त निघाला. म्हणजे संकराने फायदा होतो, पण सरसकट होत नाही. आणि आपण जे दोन पालक निवडले त्यांच्यात आजाराचे जनुक प्रबळ असेल तर तो फायदा मुळीच होत नाही.

स्वभावाच्या बाबतीतही जातीवरून आडाखे बांधणे जपून करावे. 18 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन 2022 साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेल्या अभ्यासानुसार कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के जातीने समजावता येतो. गुंडूच्या बाबतीत हे मनोरंजक रीतीने खरे ठरले आहे. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या हाताखाली पाण्यात काम करत. हा कृष्णेच्या घाटावर छातीपर्यंत पाण्यात जातो आणि तिथे उभा राहून पोहणाऱ्यांवर भुंकतो. वस्तू आणून देणे हा आईच्या जातीचा लौकिक. हा चपला आणतो, पण देत नाही. बापाच्या जातीला जर्मनीत बिळात शिरून बिज्जूची शिकार करण्यासाठी घडवले गेले, आणि तेवढे मात्र त्याने मनापासून उचलले आहे: आमच्या अंगणात मोगऱ्याची एकही कुंडी जागेवर टिकत नाही. अनोळखी माणसाशी तो आई इतका मोकळा नाही आणि बापाइतका तिरसटही नाही. त्याला ओळख करून घ्यायला वेळ लागतो. लहान मुलांना आमची सूचना एवढीच असते की त्याच्यासमोर खाली बसा आणि हात वरून डोक्यावर आणू नका.

नुसते पाहून जात ठरवण्याची अडचण सरकारी पातळीवरही उभी राहिली असती. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च 2024 मध्ये 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याविषयी राज्यांना जे पत्र पाठवले होते, त्यात त्या जातींचे संकरही धरले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते पत्र रद्द ठरवले. ते टिकले असते तर दिसण्यावरून संकर कोणाचा, हे ठरवणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला असता. गुंडूला पाहून त्याचा बाप ओळखणारे पुष्कळ भेटतात, पण त्याच्या बहिणीला पाहून कोणीही कॉर्गी म्हणतो.

संकर मुद्दाम घडवण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. ऑस्ट्रेलियात 1989 साली अंधांसाठी वाटाड्या कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला तो हवाईतल्या एका अंध महिलेसाठी, कारण तिच्या पतीला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी होती आणि तिला वाटाड्या कुत्रा हवा होता. कारण उघड आणि उपयोगाचे होते. तरीही पुढे त्याचा जो बाजार झाला त्याबद्दल कॉनरन यांनीच जाहीरपणे खेद व्यक्त केला. लॅब्राडोर आणि डॅशहंड यांच्या संकरामागे तर गोंडस दिसण्यापलीकडे कोणतेही प्रयोजन मला दिसत नाही. त्यात मादी लहान जातीची आणि नर मोठ्या जातीचा असेल तर बाळंतपण अडण्याचा धोका वेगळाच. जाहिरातीत पिल्लांच्या आईचे छायाचित्र अभावानेच दिसते, ते का हे वाचकांनी विचारून पाहावे.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पैसे देण्यापूर्वी नोंदणीचा क्रमांक मागावा, आई-बाप दोघेही प्रत्यक्ष पाहावेत आणि त्यांच्यापैकी किंवा त्यांच्या आधीच्या वेतांपैकी कोणाला पाठीचा त्रास झाला आहे का, हे लेखी विचारावे. ज्यांच्या घरी असा कुत्रा आधीच आहे त्यांनी लसीकरणाच्या पुस्तिकेत जातीच्या रकान्यात केवळ ‘लॅब्राडोर’ किंवा केवळ ‘मिश्र’ असे न लिहिता आई आणि बाप या दोघांच्या जाती डॉक्टरांकडून नोंदवून घ्याव्यात. रात्री-अपरात्री नेहमीचे डॉक्टर नसताना दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले, तर लंगडणाऱ्या ‘लॅब्राडोर’चा आधी खुबा तपासला जातो, पुस्तिकेत डॅशहंड हा शब्द दिसला तर हात आधी पाठीकडे जातो.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली