आधी पत्रा, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

चि. मिहिर,

अनेक आशीर्वाद.

तू घेतलेल्या गाडीचे फोटो पाहिले. १९७०ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघड्या टपाची, क्रोमचे बंपर, आणि ताजा चकचकीत रंग. मला खटकतोय तो हा रंगच. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठात पन्नासएक वर्षं काढलेली गाडी विकण्याआधी नुकतीच रंगवली असेल, तर खाली काय झाकलंय ते पाहिल्याशिवाय एकही पाना उचलू नकोस. तुझ्या कामांच्या यादीत पहिलं इंजिन, मग रंग, मग सीट आणि सगळ्यात खाली 'थोडं वेल्डिंग' आहे. ती यादी उलटी कर.

इंजिनाची काळजी तुला वाटते तेवढी मोठी नाही. ते १७९८ सीसीचं बी-सिरीज आहे. आपल्याकडच्या अँबॅसिडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच घराण्यातलं. पुशरॉडचं, ओतीव लोखंडाचं, सोशिक. शिवाय ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांवर बनल्या, त्यामुळे वॉशरपासून क्रँकपर्यंत सगळं आजही विकत मिळतं. पत्रा मात्र आयता बसत नाही. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. आणि वर छप्पर नसल्यामुळे पुढचा भाग आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवतात ते दारांखालचे दोन सिल. झाकण काढलेला पत्र्याचा डबा जसा हातात पिळवटतो, तशी सिल कुजलेली एमजीबी पिळवटते.

म्हणून पहिली तपासणी ही कर. गाडी सपाट जमिनीवर उभी कर, दार बंद कर आणि दाराच्या मागच्या कडेची वरच्या कोपऱ्यातली फट पट्टीने मोज. मग सिलच्या मध्यावर असलेल्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून चाकं जेमतेम उचल आणि तीच फट पुन्हा मोज. फरक दिसायलाच नको. फट बदलत असेल, दार अडकत असेल किंवा जॅक आत घुसतोय आणि पत्र्याचा कुरकुर आवाज येतोय असं वाटलं, तर सिल गेलेले आहेत, वरून कितीही गुळगुळीत दिसोत. सिलवर चुंबकही फिरव. जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. पुढच्या चाकाच्या मागे, फेंडरच्या आत चिखल साचतो, तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. मागे पाटा-स्प्रिंगचं पुढचं टोक जिथे बॉडीला बसतं ती जागा आणि सीटमागच्या फळीखालच्या बॅटरीच्या पेट्या, या दोन जागाही हमखास कुजतात.

सिल म्हणजे एकच पत्रा नाही. बाहेरचा सिल, आतली उभी पट्टी आणि खालची खाचाखाचांची कॅसल रेल, असे तीन भाग मिळून तो पोकळ खांब होतो. जुन्या सिलवर नुसता नवा पत्रा चढवून 'सिल बदलला' म्हणायची तिकडे जुनी खोड आहे. त्याने तपासणीत गाडी सुटते, पण ताकद शून्य. बाहेरचा सिल पुढे फेंडरखाली आणि मागे मागच्या फेंडरखाली जातो, त्यामुळे काम नीट करायचं तर पुढचा फेंडर खोलायलाच लागतो. तो बोल्टचा आहे. खोलल्यावर मधली गंजलेली जागाही आपोआप उघडी पडते.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, चौकोनी पाइपचा टेका वेल्ड कर. गाडीचं वजन सस्पेन्शनवर असू दे. मधोमध उचलून ठेवलेली गाडी वाकलेल्या अवस्थेतच वेल्ड होते आणि मग दार जन्मात बसत नाही. एका वेळी एकच बाजू. पहिली बाजू पूर्ण जोडून झाल्याशिवाय ग्राइंडर दुसरीकडे नेऊ नकोस. नवा सिल आधी क्लँपने धर, दार आणि फेंडर बसवून फटी बघ, मग ठिकठिकाणी टाके मार, पुन्हा दार लावून बघ आणि मगच पुरतं वेल्ड कर. एमआयजी वेल्डिंग मशिनला ०.६ मिमीची तार पुरते. सलग रेघ ओढलीस तर उष्णतेने पत्रा वाकेल. थोडं इथे, थोडं तिथे करत जा. वेल्डिंगआधी दोन्ही बॅटऱ्या आणि अल्टरनेटर सोडव, आतलं कार्पेट काढ आणि जवळ आग विझवायचं नळकांडं ठेव. बॅटऱ्यांच्या शेजारीच पेट्रोलचा पंप आहे आणि लाइन तिथूनच पुढे जाते, हे विसरू नकोस.

काम झाल्यावर पोकळीत मेण मार, लांब नळीने, दोन्ही टोकांकडून. मेण जाण्याआधी सिलच्या खालची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना ते बघ. ती बुजली की आत पाणी साचतं आणि नवा सिलही जुन्याच वाटेने जातो.

सिल, फरशी, स्प्रिंगच्या जागा सगळंच गेलं असेल तर थांबून हिशेब कर. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८ पासून या गाडीची पूर्ण नवी बॉडी विकतं. महाग आहे. पण दहा ठिकाणी ठिगळं लावलेली बॉडी शेवटी त्याहून महाग पडते आणि सरळही नसते.

ब्रेक दुसरे. पुढे डिस्क, मागे ड्रम. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर रबरी नळ्या आतून फुगतात. ब्रेक लागतो, पण पाय काढल्यावर दाब परत येत नाही आणि चाक तापतं. लोक कॅलिपर बदलतात, दोष नळीचा असतो. तिन्ही रबरी नळ्या डोळे मिटून बदल. लोखंडी पाइप बदलायचे तर तांबे-निकेलचे घाल, ते गंजत नाहीत आणि हाताने वाकतात. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी नवीन, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि उतारावर तापलं की त्याची वाफ होऊन पेडल जमिनीला टेकतं. मागच्या ड्रमचा ॲडजस्टर पाठीमागून फिरतो. त्याचं डोकं चौकोनी असतं, त्याला ब्रेकचाच पाना लाव. चाक अडेपर्यंत घट्ट कर, मग मोकळं फिरेल इतकाच मागे घे. जुन्या लायनरची धूळ हवा मारून उडवायची नाही. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पूस आणि फडकं पिशवीत बांधून टाक.

पेट्रोल. सप्टेंबर २०२१ पासून तिकडे पंपावर साधं पेट्रोल म्हणजे ई१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं. तुझ्या गाडीच्या काळातलं रबर ते खाऊन टाकतं. नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून सुटे झालेले काळे कण कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये जाऊन बसतात. सुई बंद होत नाही आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर ठिबकतं. म्हणून सुपर, म्हणजे ई५ भर आणि सगळ्या नळ्या आर९ छापलेल्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या, घे. इंजिनाच्या हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या आहेत का, याची पावती विकणाऱ्याकडून माग. नसतील तर हेड लगेच खोलायची गरज नाही. एक्झॉस्टच्या टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट, लक्षात ठेव. तो पुन्हा पुन्हा कमी होऊ लागला, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततोय असं समज आणि तेव्हा हेड उतरव.

आता ट्यूनिंग. तू म्हणतोस गाडी आयडलिंगला डुलते आणि दोन्ही कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून झाले. ते स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचे. क्रम असा: टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग आणि मग कार्बोरेटर. आधीचं काही चुकलेलं असेल तर कार्बोरेटर त्या चुकीला जुळवून बसतो आणि मग काहीच जुळत नाही.

टॅपेट थंड इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. आठ व्हॉल्व्ह आहेत, समोरून मोज. बेरीज नेहमी नऊ. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट कर, सहावा दाबलेला असताना तिसरा, असं. फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पट्टीचं, पान किंचित अडत सरकलं पाहिजे. रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर सपाट पान खोटं माप देतं. खडखड राहते ती त्याचीच. प्लग एनजीके बीपी६ईएस, गॅप ०.०२५ इंच. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट ०.०१५ इंच. नवा कंडेन्सर आणि नवा रोटर टाकलास तरी जुने डिकीत ठेव. हल्ली मिळणारे स्वस्त कंडेन्सर जुन्यापेक्षा लवकर मरतात. टायमिंगचा आकडा इंजिन नंबर बघून मॅन्युअलमधून घे. चढावर खिळे वाजल्यासारखा आवाज आला तर थोडं मागे घे, आजचं पेट्रोल त्या काळचं नाही.

मग एसयू, म्हणजे कार्बोरेटर. तुझ्या गाडीवर एचएस४ची जोडी आहे. वरच्या काळ्या टोपीखाली डँपर आहे, त्यात २० नंबरचं इंजिन ऑइल पिस्टनच्या पोकळ दांड्याच्या वर साधारण १२ मिमीपर्यंत. ते नसेल तर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन गुदमरतं आणि सगळे जण जेटला दोष देतात. पिस्टन बोटाने उचलून सोड, 'टक' आवाज करत खाली बसला पाहिजे. इंजिन पुरतं तापव, एअर फिल्टर काढ आणि दोन्ही कार्बोरेटरमधला जोडदांडा सैल कर. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं एकेका तोंडाशी धरून दोघांचा फुसफुस आवाज सारखा होईपर्यंत आयडलिंगचे स्क्रू फिरव. मग मिश्रण. जेटखालचा षटकोनी नट पूर्ण वर नेऊन दोन फेरे खाली आण, ही सुरुवातीची जागा. आता एका कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचल. वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन लगेच पडू लागलं तर कमी. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आलं की बरोबर. नट वर म्हणजे कमी, खाली म्हणजे जास्त, आणि एका वेळी षटकोनाची एकच बाजू. दोन्ही झाले की पुन्हा पहिला तपास, एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. जोडदांडा शेवटी कस.

ऑइल २०डब्ल्यू-५०, खनिज, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं, फिल्टरसकट सव्वाचार लिटर. महागडं पातळ सिंथेटिक नको. या इंजिनाचे टॅपेट कॅमवर घासत चालतात, त्यांना जस्त लागतं, आणि पातळ ऑइल प्रत्येक सीलमधून बाहेर येतं. दर ३००० मैलांनी किंवा वर्षाने बदल. गरम इंजिन रस्त्यावर ५० पीएसआयच्या पुढे दाब दाखवत असेल तर निर्धास्त चालव.

त्याच वेळी ग्रीस. पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन निपल आहेत आणि ग्रीस मारताना चाक हवेत हवं. वजन टेकलेलं असेल तर ग्रीस जिथे झिजतं तिथे पोचतच नाही. गाडी उचलल्यावर घोड्या लावल्याशिवाय तिच्याखाली जायचं नाही, जॅक कितीही नवा असो. यात मी ऐकणार नाही.

विजेबद्दल तिकडे पुष्कळ विनोद ऐकशील. बहुतेक दोष अर्थिंगचे आणि गंजलेल्या गोळी-कनेक्टरचे असतात, ते घासून घट्ट केलेस की निम्मी भुतं पळतात. तपकिरी वायरला मात्र जप. ती बॅटरीपासून थेट येते, मध्ये फ्यूज नाही. बॅटरी तोडणारा स्विच पहिल्याच आठवड्यात बसव. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात लावायचा जादा गिअर, लागत नसेल तरी गिअरबॉक्स उतरवायची घाई नको, आधी त्याची वायर आणि गिअरबॉक्सवरचा स्विच तपास.

आणि क्लच. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं राहायची आपल्याकडची सवय सोड. याचं रिलीज बेरिंग गोळ्यांचं नाही, ग्रॅफाइटचं आहे. दाबून धरलं की झिजतं, आणि ते बदलायचं तर पुरं इंजिन बाहेर काढावं लागतं. न्यूट्रल कर, पाय काढ.

चाळीस वर्षांवरच्या, फारसा मूळ बदल न झालेल्या गाडीला एमओटीची, म्हणजे तिकडच्या वार्षिक तपासणीची, सक्ती नाही हे खरं. तरी दरवर्षी करून घे. पैसे मोजून दुसऱ्या डोळ्यांनी खालून बघितलेलं बरं.

रंगाचं अजून काही लिहीत नाही.

आई

ता.क. पाने घेताना मेट्रिकचा सेट घेऊ नकोस. ही गाडी इंचांची आहे. ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४ एवढे रिंगचे पाने चांगल्यापैकी घे. १/२ इंचाच्या नटावर १३ मिमीचा पाना बसतो असं वाटतं, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे नेमके त्यानेच जातात.