वजन पाहायचे ते दिवस जाण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वजन आणि मूल न होणे यावर हल्ली आरोग्य पुरवण्यांत बरेच छापून येते. त्यातली बाई मात्र नेहमी लठ्ठच असते. पीसीओडी (बीजकोषाचा विकार), बैठे काम, बाहेरचे खाणे आणि शेवटी ‘वजन उतरवा’. यात खोटे काही नाही. पण मी ज्या उपकेंद्रांत नोकरी केली, तिथल्या काट्यावर बेचाळीस-त्रेचाळीस किलोच्या बायका रोज चढत. त्यांच्याविषयी कोण लिहिणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के उंचीच्या मानाने कमी वजनाच्या आणि सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या निघाल्या.

अंगावर चरबीच नसेल तर लेप्टिन हे संप्रेरक घटते, मेंदूकडून बीजकोषाला जाणारे इशारे मंदावतात आणि पाळी लांबते, कधी थांबतेही. चरबी फार झाली तर शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, रक्तातले इन्सुलिन वाढते, बीजकोषात पुरुषी संप्रेरके जास्त तयार होतात आणि बीज वेळेवर बाहेर पडत नाही. अशा बाईने पाच ते दहा टक्के वजन कमी केले तरी अनेकदा पाळी मार्गावर येते. म्हणजे ८० किलोच्या बाईने ४ ते ८ किलो. तिला थेट ‘पंचावन्नची होऊन ये’ म्हणून दरडावण्यात काही अर्थ नाही. ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, एवढेच होते. आणि हो, नवऱ्याचे वजनही मोजावे. पोट सुटलेल्या पुरुषाचे शुक्राणू आणि संप्रेरकेही बिघडतात, पण काट्यावर उभी राहते ती एकटी सूनच.

माझा खरा मुद्दा वेळेचा आहे. आपल्याकडे बाईचे वजन पहिल्यांदा नोंदले जाते ते गरोदरपणाच्या नोंदणीला, तेही पुष्कळदा तिसरा-चौथा महिना उजाडल्यावर. ‘दिवस राहण्याआधी वजन किती होतं गं?’ असे विचारले की सून सासूकडे बघायची. एका आजींनी तर मला सुनावले होते, ‘बाई, आम्ही काय तोलून आणली का तिला?’ आता हा आकडाच नसेल तर पुढचे सगळे अंदाजपंचे. कारण गरोदरपणात किती वजन वाढावे हे आधीच्या वजनावर ठरते. प्रचलित अमेरिकन शिफारशींनुसार कृश बाईचे साडेबारा ते अठरा किलो वाढायला हवे, लठ्ठ बाईचे पाच ते नऊ पुरेत. आपल्याकडे मात्र दोघींनाही एकच सल्ला, ‘आता दोन जिवांचं खा.’ नाहीतर त्याच्या अगदी उलट, ‘जास्त खाशील तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल.’ दुसरा सल्ला नेमका हडकुळ्या पोरींच्याच वाट्याला येतो.

शिवाय दिवस गेल्यावर वजन उतरवण्याचा प्रयोग करायचा नसतो. जास्त वजनाच्या बाईला रक्तदाब, मधुमेह आणि सिझेरियनचा धोका अधिक. तिने ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी चुकवू नये, दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली तर उपचार लागतात. कृश बाईचे बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे होण्याची भीती. पण हे सगळे मागाहून सावरणे झाले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ पासून जवळच्या सहा गावांत केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथल्या आयांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. बाळे पावणेतीन किलोच्याही आतली, स्नायू कमी, अंगातली चरबी मात्र टिकलेली. पुढच्या मधुमेहाची बीजे या अभ्यासाचे प्रमुख डॉ. याज्ञिक यांना त्यातच दिसली. नंतर मुंबईच्या वस्त्यांत पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला समोशासारखा खाऊ बायकांना दिवस जाण्याआधीपासून देऊन पाहिला गेला. ज्यांनी तो किमान तीन महिने आधी सुरू केला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. खाऊ घेणाऱ्या गटात गरोदरपणातला मधुमेहही कमी आढळला. अगदी कृश बायकांच्या बाळांत मात्र फारसा फरक पडला नाही. वर्षानुवर्षांची उपासमार एका समोशाने कशी भरून निघेल?

आता सरकारी योजना पाहा. आदिवासी भागातली अमृत आहार योजना (२०१५) चांगली आहे, गरोदर बायकांना एक वेळचे चौरस जेवण मिळते. पण ती मुळात आखली गेली शेवटच्या तिमाहीपासून. आशा कार्यकर्तीकडे जननक्षम जोडप्यांची यादी असते. नवे जोडपे यादीत आले की दोघांचे वजन आणि उंची लिहून घ्यायला काटा आणि टेप एवढेच लागते. फार कमी किंवा फार जास्त वजन दिसले तर पाळणा लांबवण्याची साधने देताना त्या सहा-आठ महिन्यांत आहाराचेही पाहता येईल. अर्थात आशांच्या डोक्यावर आणखी एक काम टाकायचे तर त्याचा मोबदलाही द्यावा.

आपल्याला एक विनंती. पुढच्या पुरवणीत उंचीनुसार वजनाचा तक्ता छापा आणि त्यात खालची मर्यादाही ठळक छापा. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ती साधारण ४३ किलो आहे, आणि आपल्याकडच्या निकषाने वरची ५३.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. जुन्नर, जि. पुणे